पूर्ण नाव

टेकडी म्हणावी तर टेकडी नव्हे ती.
माणसांनी टोपल्यांनी वाहिलेली माती,
तेराशे वर्षं पावसाने चेपलेली,
आणि तिच्या पोटात एक सम्राट,
ज्याचं नाव मला तीनदा सांगूनही उच्चारता आलं नाही.

वे नदीच्या उत्तरेला, पिवळ्या धुळीच्या पठारावर
गहू थेट त्याच्या पायथ्याला भिडलेला.
खौ श्यांग्लानने तीनचाकी थांबवली,
सूर्यफुलाच्या बीचं टरफल थुंकलं,
आणि तिच्या फोनमधलं यंत्र मला तुटक्या हिंदीत म्हणालं:
पूर्ण नाव इथे सांगू नये.
तो अजून शिपाई भरती करतो.

मागून हाक आली तर
तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही.
दगडी मेंढ्यावर गरोदर बाईने बसायचं नाही,
पण तापलेल्या पोराचं कपाळ त्याच्या गुडघ्याला टेकवलेलं चालतं.
(गुडघा झिजून झिजून आरसा झालाय.)
उत्तर उतारावरचा गहू गावात कुणी खात नाही.
मग काय करता त्याचं?
शहरात विकतो,
म्हणाली, आणि चांदीची दाढ दिसेपर्यंत हसली.

वाटेच्या दोन्ही बाजूंना दगडी अधिकारी.
एकालाही डोकं नाही.
रात्री खाली उतरून ओंब्या तुडवायचे,
म्हणून तिच्या पणजोबांच्या पिढीने उडवली म्हणे.
हात मात्र बाह्यांत तसेच जोडलेले.
डोकं नसताना माणूस इतक्या अदबीने उभा राहू शकतो,
याचं मला नवल वाटलं नाही.
एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलीय मी.

फाटकापाशी तिच्या भावाची वही.
त्याला पगार मिळतो, एक झाडू आणि शिट्टी.
नाव लिहा, म्हणाला.
माझं लिहायचं नव्हतं.
दुसरं काही सुचेना.
पेन आपोआप वळलं:
द्वारका.

माझी धाकटी. एकोणिसाव्या वर्षी काविळीने गेली.
रात्री परसात जायला मला उठवायची.
मी दारात उभी राहून खोकत राहायचे,
म्हणजे तिला कळायचं, मी आहे.
खोकला थांबला की आतून आवाज यायचा:
आहेस ना गं?

त्या रात्री व्हिनेगरातल्या शेवया तशाच गार झाल्या.
भाला तिच्याहून उंच असेल.
जोडे मोठे होतील.
आणि एवढ्या मातीखाली
कोण खोकणार तिच्यासाठी?

सकाळी श्यांग्लानला सांगितलं.
ती हसली नाही.
फोन खिशात ठेवला तिने, हातांनीच समजावलं:
तिचं एखादं कापड घे, ढिगाऱ्यापासून रस्त्यापर्यंत
हाक मारत चल, मागे पाहू नकोस.
कापड नाही, मी मान हलवली.
आणि नावाने हाक मारायची तर
नाव आता त्याच्या वहीत.

भावाने पान फाडलं नाही. सरकारी वही.
पण बोट थुंकीने ओलं करून
त्या ओळीवर त्याने चिमूटभर माती चोळली
आणि दुसरीकडे बघत शिट्टी पुसू लागला.

मी निघाले.
उत्तरेच्या गव्हातून, गुडघाभर,
खोकत.
आधी खोटं खोटं, मग धूळ घशात गेली आणि खरं.
त्या मुंडकी नसलेल्या रांगेमधून
एक साठीची बाई खोकत चाललीय,
शाळेची सहल थांबून बघतेय,
मास्तरीणबाईंनी पोरांना जवळ ओढलंय.
दोनदा वाटलं, ओंब्या सळसळल्या मागे.
वारा असेल.
वळले नाही.

रस्त्यावर तीनचाकी उभी.
मी चढले, एका कडेला सरकून बसले.
का सरकले, माहीत नाही.
श्यांग्लानने आरशात पाहिलं,
थोडी थांबली, जसं कुणी पदर आवरेपर्यंत थांबावं,
मग सावकाश गाडी सोडली,
खड्डे चुकवत.

स्टेशनवर उतरताना
तिने दोन बोटं दाखवली.
दोघींचं भाडं.

मी घासाघीस केली नाही.