द्वारका

आधी मी चिमण्या काढल्या होत्या.
तारेवर दोन, खालून उडत येणाऱ्या तीन,
आणि मधोमध खडूनं
एक उभी रेघ, एक आडवी.

"हे काय आहे?"
"दवाखाना," तनुजा म्हणाली.
"पतंगाच्या काड्या," म्हणाला येवल्याहून आलेला भाविन,
त्याला मकरसंक्रांतीशिवाय दुसरा सण माहीत नाही.
दाराशी बसणारा अर्सलान,
जून महिन्यापासून एक शब्द न बोललेला,
उठला, फळ्यापाशी आला,
आडव्या रेघेवर बोट ठेवून म्हणाला,
"द्वारका."

मग बोट फिरवत गेला.
हा नाशिकरोड. हा मुंबई नाका.
इकडं सारडा सर्कल. तिकडं आडगाव.
त्याच्या अब्बांची रिक्षा रोज तिथंच अडकते,
वडाळा नाक्याच्या आमच्या खोलीपासून
हाकेच्या अंतरावर.

मी चिमण्या पुसल्या.

दुसऱ्या दिवशी सतरंजी गुंडाळून ठेवली
आणि अख्ख्या फरशीवर काढला चौक.
चपला झाल्या रिक्षा,
खिचडीच्या डब्यांची झाकणं टेम्पो,
मेहजबीन झाली पोलीस; शिट्टी नव्हती,
तिनं तोंडानंच वाजवली, दिवसभर, घरी गेल्यावरसुद्धा.

"नाशिकरोडहून आल्या दोन रिक्षा,
आडगावहून तीन टेम्पो.
चौकात किती गाड्या?"

"पाच!" तनुजा.
"सहा!" भाविन, कारण पोलीसपण उभी आहे ना मधे.
ती गाडी नाही, असं मी म्हणणार होते,
पण मेहजबीननं असा हात दाखवला
की मीच थांबले.

"अर्सलान, तू सांग."
तो गुडघ्यांवर बसून चपलेला बारीक बारीक पुढं ढकलत होता.
"अजून कुणी पोचलं नाही, बाई.
जाम आहे."

वाट पाहिली आम्ही.
खरंच पाहिली, एकोणीस पोरं आणि मी.
बाहेर उड्डाणपुलावरून ट्रक धडधडत जात होते;
ज्यांना कुणात मिसळायचं नसतं
ते वरून जातात.
खाली एक चप्पल आली. थांबली.
दुसरी आली.
मग तीन झाकणं, एकामागं एक, घासत.
अर्सलाननं सगळ्यांना बोट लावलं,
ओठ हलले,
आणि मग हळू, जणू कुणी झोपलंय घरात:
"पाच."

पर्यवेक्षिका वाकचौरे मॅडम आल्या त्या मंगळवारी
मी आधीच घाबरलेली.
त्यांनी फळ्यावर लिहिलं, दोन, चिन्ह, तीन.
"सांगा बरं, या खुणेला काय म्हणतात?"
"द्वारका!"
एका सुरात. पत्रा हादरला.
मॅडमनी माझ्याकडं पाहिलं.
मी कुकरकडं.
"आणि ही?" त्यांनी दोन आडव्या रेघा काढल्या.
"सिग्नल सुटला!"

कसं कुणास ठाऊक, मॅडम खाली बसल्या.
"चाळीस मिनिटं अडकले होते आज तिथंच," म्हणाल्या,
आणि पायातली एक सँडल काढून
मुंबई नाक्याच्या बाजूला ठेवली.
"माझी धरा एक."
पाच आणि एक.
भाविन म्हणाला, सात. पोलीस.

शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलं त्यांनी
मी अजून वाचलेलं नाही.

परवा उशीर झाला, अर्सलानच्या अब्बांनीच सोडलं मला.
द्वारकेला नेहमीचंच:
बस तिरपी, हातगाडी उलटी घुसलेली,
हॉर्नवरचा हात कुणी काढत नव्हतं.
अब्बांनीही दाबला, दोनदा, दाबून धरला,
आणि बसवाल्याला ऐकू जाणार नाही असं काहीतरी बोलले.

पुढच्या सीटवर त्यांना खेटून बसलेला पोरगा
काचेतून बोट बाहेर रोखून
या रस्त्याच्या, त्या रस्त्याच्या
गाड्यांवरून ओठ हलवत होता.

"रुको ना अब्बा," तो म्हणाला,
"बेरीज चालू है."