सगळ्यात खालचं बटण

कळमनुरी. बाजार समितीचं गोदाम. चौदावी फेरी.
भिंतींना अजून हळदीचा वास.
जाळीला नाक लावून मी आकडे उतरवतोय :
रोडरोलर चारशे बारा,
कपबशी एकशे नव्वद,
नोटा सात.

बूथ दोनशे तीन, म्हणजे आमचीच शाळा.
सातातले सहा मला माहीत आहेत,
डीपी जळाल्यापासून अंधारात जेवणारे सोनवळे,
पाच जण आणि नवी सून.
सातवा कोण?

रात्री आबा आले,
महिनाभर रोडरोलरचा झेंडा
मोटरसायकलला बांधून फिरलेले.
न्हाणीत कानातला गुलाल काढत म्हणाले,
"आपल्या बुथावर किती?"
"चारशे बारा."
"आन् सगळ्यात खालचं बटण?"

"सात."

बराच वेळ
नुसतं पाणी पडल्याचा आवाज.