पासंग

धनकवडीत, पिठाच्या गिरणीवर आमचं ऑफिस.
माणसं चार, खुर्च्या पाच.
पाचवी, खेळायला येईल त्याची.
खाली गिरणी सुरू झाली की फरशी थरथरते
आणि पडद्यावरचा बाण आपणहून तसूभर सरकतो.

खेळ किल्ल्याचा. तोफ, घोडेस्वार, भालाईत, पखालवाला.
कुणी किती मारायचं, कुणी किती सोसायचं,
ते आकडे मी ठरवतो.
आईला सांगितलं तर म्हणाली,
म्हणजे कारकुनीच की.

सुरुवातीला मी विचारायचो.
छापील कागद, सात प्रश्न, एक ते पाच गुण.
'तोफ जास्त ताकदवान वाटते का?'
पुण्यात मत न मागता मिळतं,
मागितलं तर पुरवणी जोडून मिळतं.
सगळ्यांनी पाच दिले. योहान साळवेनं सहा.
मी तोफेची दारू निम्म्यावर आणली, कुणाला बोललो नाही.
पुढच्या शनिवारी पुन्हा पाच, पाच, पाच,
आणि योहान: 'आता तर फारच माजलीय.'

तोफ माझ्या प्रश्नातच ठासून भरलेली होती.

मग कागद बंद. मागे स्टूल टाकून बसू लागलो,
तोंड मिटून. वहीत फक्त दिसेल ते.
निखत बागवान, बारावी,
घोडेस्वारावर बोट नेते, थांबते, परत आणते.
खोतकाका, टेलिफोन खात्यातून निवृत्त,
अकरा डाव हरले, अकराही वेळा 'छान आहे' म्हणाले,
बाराव्याला चष्मा काढून पुसत राहिले,
पुसून झाला तरी.
वहीत लिहिलं: चष्मा, चार मिनिटं.

पखालवाल्याला कुणी हातच लावला नाही.
तो माझा लाडका, तीन रात्री जागून काढलेला.
दर आठवड्याला मी त्याला गुपचूप थोडं बळ देत होतो,
पंक्तीत आपल्या माणसाला
तूप जरा जास्त वाढावं तसं.

एकदा जेवणाची पार्सलं पोचवणारा एक मुलगा
खाली दळण टाकून वर आला.
सहा मिनिटं खेळला. उठला. 'ऑर्डर आली,' म्हणाला.
मोबाइल त्याचा टेबलावर पालथा होता, मुका.
मी जिन्यापर्यंत गेलो. तोफेचं नाव काढलं नाही.
'कुठं सोडावंसं वाटलं?' एवढंच.
तो दोन पायऱ्या उतरला, आणि मागे न बघता म्हणाला,
'भालेवाला मरतो ते दिसतं, दादा.
कशानं मेला ते दिसत नाही.'

त्या रात्री दारू पुन्हा पूर्ण भरली.
फक्त तोफ उडण्याआधी अर्धा सेकंद
काडी ओढल्याचा आवाज घातला, खर्र.
शनिवारी योहान कान टवकारून खेळला,
भालाईत वेळेत मागे घेतले,
तरी हरला,
आणि म्हणाला, अजून एक डाव.

गिरणीच्या सगुणाबाई ढमढेऱ्यांकडे जुना तराजू आहे.
त्याच्या उजव्या पारड्याखाली
दोऱ्यानं बांधलेला एक गंजका वायसर.
'पासंग आहे तो,' म्हणाल्या.
केवढा बांधायचा, कसं कळलं?
पिठाचे हात पदराला पुसत त्या हसल्या.
'माल उतरवायचा आधी. रिकामा कुठं झुकतो ते बघायचं.'

वर आलो. पखालवाल्याचे आकडे
पहिल्या दिवशी होते तिथं नेऊन ठेवले.
जरा वेळ लागला.
गिरणी बंद होती, बाण जागच्या जागी.
पाचवी खुर्ची पंख्याखाली ओढली,
तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या.
वहीत तारीख घातली. खाली पान कोरं.