तेरावा दिवा

वूच शहरात, चौथ्या मजल्यावर, माझ्या डोक्यावर
सात वर्षं एक माणूस ड्रम वाजवत होता
आणि त्याचा ड्रम मी कधी ऐकला नाही.

रबराच्या ताटल्या. कानांवर हेडफोन.
झांजेची झणझण, सगळा गडगडाट
एका वायरीतून त्याच्या एकट्याच्या डोक्यात जायचा.
माझ्या वाट्याला उरलंसुरलं:
काठ्यांची टपटप, आणि पेडलची
धप्. धप्. गिलाव्यातून, दिव्याच्या काचेतून,
कपातल्या चहापर्यंत.
एकदा मी झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं.
तो थांबला.
मग माझाच ठोका धरून पुढे निघाला, मेला.

तीस वर्षं मी सूतगिरणीत माग चालवला आहे,
आवाजाचं मला काय!
माणूस दमला की ठोका कसा लोळतो, ते कळतं मला.
मंगळवारी तो चिडलेला असे.
रविवारी रात्री डावा पाय उशिरा पडे,
म्हणजे बाटली उघडली होती.
तोंड न बघता ओळखत होते मी त्याला,
परटाला गिऱ्हाईक ओळखू यावं तशी.

फेब्रुवारीत छत गप्प झालं.
एक आठवडा. दोन.
तिसऱ्या आठवड्यात बीटाचं सार घेऊन मी वर गेले.

बोगुमिलनं दार डाव्या हातानं उघडलं.
उजवा नुसता लोंबत होता,
कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.
"झटका येऊन गेला," म्हणाला. "पण वाजवतो. रोज."
खोटं, मी म्हटलं. खाली काही पोचत नाही.

त्यानं टेबल दाखवलं.
शिवणाच्या डब्याएवढी पेटी. एका ओळीत सोळा बटणं,
आणि एक तांबडा दिवा पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत
पळत होता, पुन्हा पहिल्याकडे,
कुणी हात लावलेला नसताना.

"ती," कोपऱ्यातल्या ताटल्यांकडे बघत तो म्हणाला,
"प्रत्येक वेळी विचारायची: आता? किती जोरात?
मी मारलं नाही तर ती नुसतं फर्निचर.
हे एकदाच विचारतं: कुठे?
मग मी झोपलो तरी चालतं. मेलो तरी चालेल,
विजेचं बिल भरलेलं असेपर्यंत."

मी चष्मा लावला.
सोळा घरं. भरलेलं, रिकामं, रिकामं, भरलेलं.
अरे, हे तर आमचं नक्षीचं कार्ड!
भोक असेल तिथं धागा उचल, नसेल तिथं राहू दे.
माळा टांगलेल्या असत त्यांच्या, मागाच्या डोक्यावर,
आणि माग कुणाचं ऐकत नसे, फक्त कार्डाचं.

बोटांनी मला विचारलंच नाही.
दोन वर, दोन खाली. दोन वर, दोन खाली.
पुढच्या आवाजाची ओळ एक घर सरकवून,
त्याच्या पुढची आणखी एक,
म्हणजे तिरपी वीण पडते, गादीच्या कापडाची.
तेराव्यावर चुकले. चष्मा घसरला होता.
"पुसू नका," तो म्हणाला.

हेडफोनची एक वाटी त्याच्या कानाला, एक माझ्या.
दोघांची डोकी जवळजवळ टेकलेली, वयाला न शोभणारी.
चूक आली. पुन्हा आली.
तशीच, तेवढ्याच जोरात,
ना लाजली, ना सुधारली.
गिरणीत तिचे पैसे कापले असते.
आणि याची, सात वर्षांत,
एक चूकसुद्धा दोनदा सारखी पडली नव्हती.

सार निवलं होतं.
त्यानं खुर्ची कोपऱ्याकडे ओढली, दुसरी वायर जोडली,
डाव्या हातात एकच काठी घेतली
आणि माझ्या तेराव्यानंतर एक ठोका टाकला,
उशिरा.
पुढच्या फेरीत जरा कमी उशिरा.
त्याच्या पुढच्या फेरीत काठीच निसटली.

खाली माझी खोली रिकामी होती.
छत ठोकायला कुणी नव्हतं.