एकोणीस

मेयोच्या फिजिओथेरपीत अकराला
भन्ते वन्नाक येतात. कामठी रोडवर मोपेडवरून पडलेले.
प्लास्टर निघालं, मूठ काही उघडत नाही.

मी बाई, ते भिक्षू.
हात धरून बोटं वळवायची सोय नाही.
टेबलाच्या अल्याड माझा पंजा, पल्याड त्यांचा,
मधे तापत ठेवलेलं मेण.
म्हणाले, माझ्या भाषेत मोजू या,
दुखणं तिचं ऐकतं.

मुओइ. पी. बेइ. बुओन.
अंगठ्यापासून निघून करंगळीशी: प्राम.
पुढचा आकडा?
नाही. आता अख्खा हात सोबत घ्यायचा.
प्राम-मुओइ, पाच नि एक.
प्राम-पी, पाच नि दोन.
(माझी जीभ तिथं रोज घसरते, ते रोज हसतात.)

तिसऱ्या आठवड्यात एकोणीसवर आलो.
त्यांचं: दहा, पाच, चार.
म्हटलं, आमचं: विसाला एक कमी.
त्यांनी बोटं थांबवली.
जो नाही, त्याला आधी मोजता?

काय सांगू. इंदोऱ्यात माझी आई
अजून भाकरी करताना म्हणते, अरुणची सोडून सहा.

आज त्यांची करंगळी सरळ झाली.
मी टाळी वाजवली, ते खाली बघत राहिले.

परतताना गड्डीगोदामचा सिग्नल
एकोणीसवरून उलटा उतरत होता.
हँडलवर बोटं उघडत मी सुलटं मोजत गेले,
प्राम-बेइपर्यंत पोचले होते,
मागच्या ऑटोवाल्यानं हॉर्न दिला:
चला ना बाई.