शेवटची बोट कव्हा

सुगतचा फोन रात्री साडेअकराला,
मागे भांड्यांचा खणखणाट.
पोतंभर बटाटे सोलून झाले म्हणतो,
आणि गुरुवारी जहाज पिरिअसला थांबणार आहे.
सकाळी आठ ते दुपारी चार, सुट्टी.
नऊ महिन्यांत पहिली.
"ताई, जवळ तीन बेटं आहेत. जमणार एकच.
कोणतं, ते तुम्ही सांगा."

आम्ही सांगायचं!
पैठणच्या बसस्टँडमागे दोन खोल्यांत राहणारी
आम्ही तीन माणसं,
त्यातलं एक झोपलेलं.

सकाळी दुकानात झेरॉक्सच्या मशीनला
मी भूमध्य समुद्र मागितला.
निळी शाई संपलेली,
समुद्र आला गुलाबी, पिकल्या पेरूच्या गरासारखा.
मायनं तो जमिनीवर पसरून
त्यावरच उन्हाळी शेंगा फोडायला घेतल्या.
"हे बेट का खरकटं?"
"शाईचा डाग आहे, माय. बेट त्याच्या शेजारी."

एजिना: पिस्त्यांच्या बागा, तिकीट स्वस्त,
पोचायला तास, सव्वा तास.
पोरोस: लिंबाची झाडं,
मधलं पाणी इतकं अरुंद
की पल्याडच्याला हाक ऐकू जावी.
तिसऱ्याचं नाव लिहायचं हायड्रा, म्हणायचं इद्रा.
नावात पाणी. बेटावर पाण्याची टंचाई.
गाड्या नाहीत. ओझं गाढवं वाहतात.

माय शेंग फोडायची थांबली.
"मग तेच. आपल्या गावात गाढवाचा मान मोठा.
म्हणावं, एखाद्याला पाणी पाज."
"तिथं पाणी विकत घ्यावं लागतं."
"इथं फुकट आहे व्हय?"

नळाचा तो सहावा दिवस होता.
धरण इथून हाकेच्या अंतरावर.

मी एसटीचं गणित मांडलं:
इद्राला जायला दोन तास, यायला दोन तास,
म्हणजे जालन्याला जाऊन
स्टँडवर चहा पिऊन परत.
त्यात बोट चुकली तर जहाज सुटणार,
जहाज सुटलं तर नोकरी.

आण्णा बाजेवर पाठ करून पडलेले.
आम्हाला वाटलं, झोपलेत.
"शेवटची बोट कव्हा?"
भिंतीकडं बघूनच विचारलं.
थोड्या वेळानं, "तिथून जहाज दिसतं का?"

ह्या माणसाला बेट ठाऊक आहे.
मला ते तुकड्या-तुकड्यांनी कळलेलं,
कधी दाढी करताना, कधी ताप आल्यावर.
गाव पाण्यात गेलं त्या साली
वस्तीमागचं टेकाड तेवढं वर राहिलं.
आजोबा आणि अकरा वर्षांचे आण्णा
गुळाच्या काहिलीत बसून तिथं गेले,
राहिलेलं जातं आणायला.
वारं सुटलं. काहील गेली वाहून.
दोन रात्री.
भूक लागली असंल ना, मी एकदा विचारलं.
"पल्याड कंदील दिसायचा," म्हणाले.
"तो हालला की बरं वाटायचं."
जात्याचं काय झालं,
ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

सुगतला मी कळवलं: एजिना.
गाढवं पुढच्या खेपेला. मायचा रुसवा माझ्याकडे लागला.

गुरुवारी संध्याकाळी फोटो आला.
पिस्ते नाहीत, देऊळ नाही, तो स्वतःही नाही.
पाणीच पाणी, खरोखरीचं निळं,
आणि लांब धुकट कडेला
तांदळाच्या कणीएवढं काहीतरी पांढरं.
खाली लिहिलेलं: आण्णाला दाखव. दिसतंय.

आण्णांनी चष्मा पुसला.
दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा,
ती कणी फुटून नुसते चौकोन होईपर्यंत.
मग फोन मायच्या मांडीवर ठेवून उठले,
कारण गल्लीत कुणीतरी ओरडलं होतं,
नळ आला.
हंड्यावर हंडा ठेवत जाताना
दारातून मागं वळून म्हणाले,
"चारच्या आत चढला का, ते विचार."