कोंबड्याचं पीस

कौनाकाकाईत रविवारी काहीच उघडं नसतं,
चर्च सोडून.
आणि चर्चं तर ओळीनं, एकाच्या कुंपणाला दुसरं लागून,
बाजारात भाजीवाल्या बसाव्यात तशी.
"कुठल्यात जायचंय, आई?" शमूनं गाडी हळू केली.
मला काय, म्हटलं, सावली बघून लाव.

रस्त्यापलीकडे कुण्या राजाच्या वेळची माडांची राई,
तिच्या तारेवर पाटी: नारळ पडतात, आत जाऊ नये.
पपा, तुम्ही असतात तर हसला असतात.
आपल्याकडे नारळ फोडायचा नाही, चटणीलासुद्धा.
फोडल्याचा आवाज शेजारी गेला तर म्हणतील,
शांतवन ड्रेसर मागं फिरले.
म्हणून तुम्ही करवतीनं कापायचात,
पाणी सांडायचं, भुसा उडायचा खोबऱ्यात.
आणि मी कमळाबाईंनी दिलेला प्रसादाचा तुकडा
मोरीत उभी राहून खाल्ला. आठ वर्षांची असेन.
वीज पडली नाही.
माझा संशय तेव्हापासूनचा,
आणि तो गोड लागतो, हे कबूल करते.

काल आम्ही कड्यावर गेलो होतो.
सुरूचं बन, खाली सुयांचा थर, पाय वाजत नव्हते.
कठडा संपला की एकदम काहीच नाही,
नुसता वारा, आणि फार खोल
समुद्रात काढलेली जमिनीची जीभ.
तिथे आणून सोडत त्यांना. बायकोपासून, पोरांपासून तोडून.
खाली जायला परवाना लागतो. आमच्याकडे नव्हता.
मी वरूनच थडगी मोजू लागले,
मग सोडून दिलं.

मला दिसत होता आपला दवाखाना.
पत्र्याची पडवी, फिनेलचा वास, मंगळवार,
आणि तुमच्या बोटांत कोंबडीचं पीस.
डोळे मिटा. जिथे लागेल तिथे बोट ठेवा.
रांगेतली माणसं पापणीच्या फटीतून बघायची,
न लागलेल्या जागी बरोब्बर बोट ठेवायची,
लागलं नाही म्हटलं की गाव सुटायचं ना.
तुम्ही ओळखायचात. रागवायचा नाहीत.
डोळ्यांवर फडकं बांधून पुन्हा पहिल्यापासून,
आणखी हळू.
त्याच हातांनी संध्याकाळी माझी वेणी घालायला बसलात
की मी किंचाळायचे, नको, हात नको लावू.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
पास्टरसमोर तर नाहीच.

आत वीसेक माणसं, एक पंखा.
गाणं त्यांच्या भाषेत. कळला एकच शब्द,
इएसू, असा, सगळे स्वर मोकळे सोडलेला.
लेइमोमी नावाच्या म्हातारीनं सरकून जागा दिली
आणि माझा हात हातात घेतला तो सोडलाच नाही,
जणू मी हरवेन.
प्रभुभोजनाची भाकर इथे गोड पावाची होती.
घेतली. मी नेहमीच घेते.
चाळीस वर्षं सगळे डोळे मिटतात तेव्हा मीही मिटते
आणि फटीतून बघते,
कुणाकुणाला लागतंय.

पायरीवर दोन कोंबडे भांडून गेले होते.
एक पीस पडलेलं, तांबूस, टोकाला हिरवं.
शमू, म्हटलं, हे धर. माझ्या हातावरून फिरव.
कुठे ते सांगू नकोस.
"आई, गाडी चालू ठेवलीय."
राहू दे चालू.

रुमाल काढला, डोळ्यांवर स्वतःच घट्ट बांधला.
माडांत सळसळ. लांब काहीतरी धप्पकन पडलं.
मनगटावर वारा आहे, की पीस,
की दोन्ही नाही,
पपा, घाई करू नका,
बोट मी उचललंय,
अजून कुठे ठेवलेलं नाही.